पुस्तकात नसलेलं पाणी

कडुनिंबाला फुलोरा आला की मला परीक्षेचा वास येतो. परीक्षा देणं संपून पन्नास वर्षं होत आली. नगरमधल्या या घराच्या खिडकीबाहेर एकच कडुनिंब उरलाय, तोही विजेच्या तारांपायी छाटून छाटून अर्धा झालेला. तरी चैत्रात तो हट्टानं फुलतो. तो कडसर गोड वास घरात आला की माझे तळवे घामेजतात आणि मी उगाचच पाणी पिऊन येते. माझी नात म्हणते, आजी, तू एवढं पाणी का पितेस गं? मी म्हणते, मिळतंय म्हणून.

यंदा त्या वासाबरोबर पुण्याहून पत्रही आलं. मी मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीबद्दलचं. संपादिका तरुण आहे, गुणी आहे, अक्षर न् अक्षर वाचते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल म्हातारी उगाच चिडली. तिनं लिहिलं होतं की ताई, गोष्ट फार आवडली, पण पाण्याचं ते पाचवं प्रकरण जरा जड होतं. पुस्तक दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पालक हल्ली फार बघून घेतात. ते काढता आलं तर पाहा. काढायचं नसेल तर रांजणापाशी गावातली एखादी चांगली मुलगी उभी करा आणि तिच्या हातून पाणी द्या, म्हणजे शेवट गोड होईल. आणि हो, लेखिकेचा परिचय चार ओळींत पाठवा.

पत्र वाचलं आणि चहा गाळता गाळता मी एकटीच हसले. हसू आलं ते रागाचं होतं. ज्या प्रकरणासाठी मी सगळी कादंबरी लिहिली, तेच तिला जड झालं होतं. आणि ती चांगली मुलगी! पन्नास वर्षं मी त्या चांगल्या मुलीला ओळखते. ती प्रत्येक पुस्तकात असते. आमच्या गावात तेवढी ती कधी आली नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हटला की लोक बहात्तर साल आठवतात. आमच्या कर्जतच्या बाजूला खरा कडेलोट झाला तो पुढच्या उन्हाळ्यात. विहिरींच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता, वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. जनावरं छावणीला गेली होती आणि गोठ्यांतून नुसता वास राहिला होता. गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होतं. गाव म्हणजे गावही आणि आमची वस्तीही. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीला तोवर राजवाडा म्हणायला लागले होते. नाव बदललं, वाट तीच राहिली. आमच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या. त्या कुणाच्या हे आमच्या माणसांना सांगावं लागत नाही. आई कामावर निघताना दोन्हींकडे एकदा बघायची आणि मगच पाटी उचलायची.

मी तेव्हा सहावीत. शाळा सकाळची केली होती, पण निम्मी पोरं आयांबरोबर तलावाच्या कामावर, धाकट्यांना सांभाळायला. माझ्याही कडेवर दीड वर्षाची बहीण होती. परीक्षा तर तोंडावर आलेली. आमचे गुरुजी शेवगावकडचे, उंच, वाळके आणि खरं बोलण्याच्या बाबतीत फार कडक. वर्गात कुणी खोटं बोललं की ते मारायचे नाहीत, नुसते बघत राहायचे, आणि ते जास्त लागायचं. पोरं शाळेत येईनात म्हटल्यावर त्यांनी शाळेची पुस्तकांची पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरेजला बांधली आणि कामावर आणून कडुनिंबाखाली ठेवली. दुपारच्या सुटीत मोठ्यानं वाचायचं, हाच वाचनाचा अभ्यास, असं सांगून ते आपले परत गेले. दहा-बारा दिवसांतून एकदा येऊन पुस्तकं बदलून देत.

वाचायला लागले मी. बाकीच्या पोरांना भुकेनं आणि उन्हानं अक्षर दिसत नव्हतं, किंवा ती तसं म्हणत. मला दिसत होतं. पहिल्या दिवशी पोरं ऐकत होती, दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया सरकून जवळ आल्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून सगळ्या टोळ्यांतल्या बायका भाकरी सोडून बसायच्या ते माझ्या तोंडाकडे बघत. सावलीच्या वाटण्या ठरलेल्या होत्या. गावातल्या बायका बुंध्यापाशी, आमच्या बायका सावली विरळ होते तिथं. मी मधे उभी राहून वाचायची. कडेवरची धाकटी पुस्तकाचा कोपरा चावायची.

पुस्तकं कसली होती? चांगली होती, खोटं कशाला बोलू. रंगीत चित्रं होती. त्यांत सुट्टी लागायची आणि मुलं मामाकडे जायची. मामाकडे विहीर असायची आणि तिला पाणी असायचं. वडील संध्याकाळी कचेरीतून यायचे, कोट खुंटीला अडकवायचे. आई हसतमुख असायची, तिला दुसरं कामच नव्हतं. घरात भांडण झालंच तर ते लाडवावरून व्हायचं आणि पान उलटलं की मिटायचं. गरीब मुलगा असायचा एखादा, पण तो इतका गुणी की वाचतानाच अंगावर काटा यायचा. मला पुस्तकं फार आवडायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच. त्या पानांतून मी फिरायची तेव्हा माझ्या पायांना धूळ होती आणि तिथं कुठंच धूळ नव्हती.

आमच्या घरातलं भांडण लाडवावरचं नव्हतं. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात त्याच कामावर दगडाखाली चेंगरला होता. बोटं जुळून यायची होती. त्यामुळे आई कामावर आणि आबा घरी, असं उलटं झालं. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली. तिच्या पिठाला चिकटपणाच नाही. आई उजाडताच कामावर जायची, मग भाकरी कोण करणार? आबांनी पहिल्या दिवशी डाव्या हातानं भाकरी थापली, ती मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या भाकरीला त्यांनी परात उचलून भिंतीवर मारली आणि दोन दिवस आईशी बोलले नाहीत. जसा काही दोष आईचाच होता. आईही बोलली नाही. दोघांमधले निरोप मी पोचवायची, आणि घर दोन खणांचं. वस्तीतल्या बायका कामावर जाता-येता हसायच्या, सुमनच्या बापाला चुलीम्होरं बसावलंय म्हणायच्या.

एका दुपारी मी वाचत होते. पुस्तकात छापलं होतं की वडील कचेरीतून आले आणि कोट खुंटीला अडकवून आरामखुर्चीत बसले. मला काय झालं कोण जाणे. मी न अडखळता वाचलं, 'वडिलांचा हात दुखावला होता. आई कामावर गेली होती. वडील डाव्या हाताने भाकरी थापत होते.' पुस्तकी भाषेतच म्हटलं. ती छापील भाषा मला तोवर चांगली जमायला लागली होती. बायका हसल्या आणि मग हसता हसता थांबल्या. पुढं काय झालं, म्हणाल्या. पुढचं तर पुस्तकात नव्हतं, तेही मीच रचलं. आई तेवढी हसली नाही. ती मान खाली घालून भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली.

संध्याकाळी घरी गेल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा ती आबांशी बोलली. पोरीच्या पुस्तकात पण एक बाप भाकरी करतो म्हनं, एवढंच. आबा चुलीपुढं बसले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बुकातल्या बापाची भाकर मोडती का गं?"

मी म्हटलं, नाही मोडत.

"मंग खोटं हाय तुजं बुक," आबा म्हणाले, आणि तव्यावरची मोडकी भाकरी त्यांनी उलथन्यानं जुळवून उलटली. आई हसली. आबाही हसले. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती केली, पुस्तकातल्या बापाची भाकरी मोडायला लावली.

मुलांच्या पुस्तकानं काय करावं यावर मी पुढे पुष्कळ व्याख्यानं ऐकली. शिक्षिका झाले, शाळाशाळांतून फिरले, चर्चासत्रांतले चहाही पुष्कळ प्याले. संस्कार, मूल्यं, कल्पनाशक्ती, सगळं ऐकलं. मला विचाराल तर त्या संध्याकाळी एका खोट्या वाक्यानं जे केलं तेवढं पुस्तकानं करावं. दोन माणसं बोलत नव्हती, ती बोलली. आपल्या घरात चाललंय ते आणखी कुणाच्या तरी घरात चाललंय, एवढं कळलं की पोराचा निम्मा भार उतरतो. बापाचाही उतरतो.

आता पाण्याचं सांगते.

कामावर बुंध्यापाशी एक मोठा रांजण होता, ओलं गोणपाट गुंडाळलेला. टँकर यायचा तेव्हा तो भरायचा. टँकर रोज येईलच असं नाही. पाणी वाटायचं काम कोंडाबाईकडे होतं. कोंडाबाई गावातली विधवा म्हातारी, पाटी उचलवत नाही म्हणून तिला हे हलकं काम दिलं होतं. रांजणाशेजारी खुंटीला लांब दांड्याचं वगराळं टांगलेलं असायचं. गावातल्या माणसांना ती ते भरून हातात द्यायची. आम्ही गेलो की आम्ही ओंजळ धरायची आणि ती वरून धार सोडायची. ती वाईट नव्हती. शिवी द्यायची नाही, हाकलायची नाही. तिला हे असंच असतं एवढंच माहीत होतं. अर्धं पाणी मनगटावरून ओघळून जमिनीवर पडायचं, आणि त्या उन्हाळ्यात जमिनीवर पडलेलं पाणी बघवत नसे.

माझी अडचण वेगळीच होती. दीड वर्षाच्या मुलीला ओंजळ धरता येत नाही. मी माझ्या ओंजळीत पाणी घ्यायची आणि तशीच वळून ते तिच्या तोंडापर्यंत न्यायची. तोवर बोटांच्या फटींतून गळून जायचं. ती माझे ओले तळवे चाटायची. एवढंच तिचं पाणी.

कोंडाबाई माझ्या वाचनाची सगळ्यात मोठी भक्त होती. तिनं जन्मभर देवळात पोथी ऐकलेली. मोठ्यानं वाचलं जातं ते पोथी, आणि पोथीत असतं ते खरं, असा तिचा सरळ समज. वाचन संपलं की ती लांबूनच पुस्तकाला हात जोडायची आणि कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची, त्या गोडसर भुग्याची, चिमूट चिमूट सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटायची. आमच्या तळव्यावर तीसुद्धा वरूनच टाकायची. त्यात पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाळेचा गोल जांभळा शिक्का होता. तसलाच गोल शिक्का हजेरीपटावर असायचा, रेशनच्या कागदावर असायचा. अंगठा उठवणाऱ्या बायकांना अक्षर येत नव्हतं, पण शिक्का येत होता. शिक्का म्हणजे सरकार. त्या वर्षी काम सरकारचं, ज्वारी सरकारची, सुकडी सरकारची आणि पाणीही सरकारचं. म्हणजे माझ्या हातातलं पुस्तक अर्धी पोथी आणि अर्धा सरकारी हुकूम होतं, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मामाकडे निघालेल्या बहीणभावांची गोष्ट चालली होती. ऊन होतं, रस्त्यात पाणपोई लागली. छापलं होतं, 'पाणपोईवर थंडगार पाणी पिऊन मुले पुढे निघाली.' एक वाक्य. मुलं प्याली आणि निघाली. ते वाचायच्या आधी पाचच मिनिटं मी धाकटीला तळवे चाटवून आले होते.

मी वाचलं, 'त्यांच्याबरोबर कमळी होती. कमळी गावाबाहेरच्या वस्तीत राहत असे. तिच्या कडेवर लहान बहीण होती. ओंजळीतले पाणी बहिणीपर्यंत पोचेना, म्हणून कमळीने वगराळे हातात घेतले, बहिणीला पाजले, मग आपण प्याली. कोणी काही बोलले नाही. मग मुले पुढे निघाली.'

कोंडाबाईनं विचारलं, कमळी कुठल्या वस्तीतली म्हणालीस? मी पुन्हा सांगितलं. तिनं विचारलं, आणि हे सरकारनं छापलं? मी म्हटलं, छापलं. शिक्का दाखव, म्हणाली. मी पहिलं पान उघडून तिच्यापुढं धरलं. ती वाकून त्या जांभळ्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ओंजळ धरून उभी राहिले, तर धार आली नाही. वर बघितलं, तर कोंडाबाईनं भरलेलं वगराळं पुढं केलं होतं. "धर," ती म्हणाली, "सरकारचं फर्मान हाय तर आपुन कोन?"

गावातल्या बायका कुरकुरल्या. पण सरकारशी वाकडं कोण घेणार, हजेरी मांडणारंही तेच. दोन दिवसांनी कुरकुर मावळली. आठ दिवस आमची अख्खी वस्ती वगराळ्यानं पाणी प्यायली. धाकटी दोन्ही हातांनी ते धरायची, तिचे नवे दात धातूवर खटखट वाजायचे आणि ती त्या आवाजावर खूश होऊन पुन्हा वाजवायची. सांडलं की कोंडाबाई ओरडायची, जशी ती इतरांवर ओरडायची. ते ओरडणं मला फार आवडायचं.

नवव्या दिवशी गुरुजी पुस्तकं बदलायला आले. कामावरचा मुकादम गावातलाच, त्याला हे आठ दिवस सलत होतं. तो अक्षरं जुळवून वाचणारा, भरभर वाचायचा वांधा. त्यानं दुपारच्या सुटीत सगळ्यांसमोर पुस्तक गुरुजींच्या हातात दिलं आणि ह्यात पाण्याचं काय छापलंय तेवढं वाचून दाखवा म्हणाला. गुरुजींना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पान काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, 'पाणपोईवर थंडगार पाणी पिऊन मुले पुढे निघाली.' मुकादमानं विचारलं, आणि कमळी? गुरुजी म्हणाले, कमळी कोण?

इथं वाचणाऱ्याला वाटेल की गुरुजींनी सावरून घेतलं असतं तर किती छान झालं असतं. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं होतं. पण ते खरं बोलणारे होते आणि खरंच बोलले. तो राग मी त्यांच्यावर कितीतरी वर्षं धरला. पुढे स्वतः फळ्यापुढं उभी राहिले तेव्हा तो उतरला. सगळा नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते नुसतं बघणं. म्हणाले, सुमन, हे पुस्तकात आहे? मी धाकटीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"न्हाई गुरुजी," मी म्हटलं. "पर असाया पायजे हुतं."

कोंडाबाईचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. "पोथीत खोटं वाचलंस व्हय पोरी?" एवढंच ती म्हणाली, हळू, कुणावर न ओरडता. बाकी कशाचीही मला लाज वाटत नाही, पण त्या प्रश्नापुढं मी अजून गप्प होते. तिच्या भाबडेपणाचा मी फायदा घेतला होता, हे खरंच आहे.

मुकादम म्हणाला, वगराळं खुंटीला टांगा, ह्यांना पाणी वरून. संपलं, असं त्याला वाटलं.

तेव्हा आई उठली. विरळ सावलीतून ती बुंध्यापाशी चालत आली, कोपरापर्यंत मातीनं माखलेले हात, पदर खोचलेला. कुणी तिला अडवलं नाही, कारण ती काय करणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिनं खुंटीवरचं वगराळं काढलं, रांजणात बुडवलं आणि उभ्यानं प्यायली. पुन्हा भरलं, धाकटीच्या तोंडाला लावलं. दात खटखट वाजले. मग तिनं सगळ्यांकडे तोंड केलं.

"आठ दिस समदी एकाच वगराळ्यानं पेलो," आई म्हणाली. "कुनाचं पोट दुखलं, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मी मोजायला उभी होते.

मुकादमाचा आवाज चढला. रांजण बाटला, पाणी ओतून द्या, म्हणाला. आणि तिथंच तो अडकला. टँकर सकाळी येऊन गेला होता, दुसरा उद्या येईल का परवा, कुणी सांगू शकत नव्हतं. सूर्य डोक्यावर. रांजण गळ्यापर्यंत भरलेला. ओतायला कुणी पुढं होईना. त्यानं कोंडाबाईला सांगितलं. ती उठली, रांजणाच्या काठाला हात लावला आणि तशीच उभी राहिली. तिनं रांजण कलता केला नाही. मला सोडवण्यासाठी नाही, तसं मी कुठं लिहिणार नाही. तिला पाणी सांडवेना, एवढंच. मुकादमानं दोन-तीन बायकांना नावानं हाका मारल्या. त्या जमिनीकडे बघत बसल्या. मग त्यानं स्वतः का ओतलं नाही, असा प्रश्न मी पुढं कितीदा स्वतःला घातला. तहान त्यालाही होती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कडुनिंबाची बारीक फुलं पाण्यावर पडत होती. शेवटी गावातली एक अंगावर पाजणारी बाई उठली, पोर मांडीवरून खाली ठेवलं आणि रांजणाशी गेली. कोंडाबाईनं फूल फुंकून बाजूला केलं, वगराळं भरलं, तिला दिलं. ती प्यायली. मग दुसरी उठली. मग रांगच लागली, आमची आणि त्यांची मिसळलेली, कारण वेगळी धरायला कुणाला सुचलं नाही. गुरुजीही रांगेत उभे राहिले आणि प्यायले. मुकादम तेवढा थांबला. पाच वाजता हजेरी झाली, लोक पांगले, तेव्हा तो रांजणाशी गेला. वगराळ्याला तोंड लावलं नाही. ओंजळ धरली आणि कोंडाबाईला म्हणाला, वरून ओत. त्या दिवशी त्या रांजणाचं पाणी वरून प्यालेला तो एकटाच माणूस होता.

याच्यापुढं गोड काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन रांजण आले. आमच्या टोळीला बांधाच्या पार टोकाला धाडलं, तिथं झाड नव्हतं. पुस्तकांची पेटी शाळेत परत गेली. आई उन्हानं दोनदा चक्कर येऊन पडली, पण केलं ते चुकलं असं तिच्या तोंडून मरेपर्यंत मी ऐकलं नाही. आबा म्हणायचे, तुझ्या आईनं पाणी घेतलं तेव्हा मी तिथं पाहिजे होतो. मग म्हणायचे, बरं झालं नव्हतो, मी अडवलं असतं तिला.

वार्षिक परीक्षेचं प्रगतिपुस्तक मिळालं. वाचनात उत्तम होतं. खाली शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींच्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं, 'पुस्तकात नसलेले वाचते.' ती तक्रार होती की शाबासकी, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. आबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, म्हंजी पास का नापास? मी पास म्हटल्यावर त्यांनी प्रगतिपुस्तक दोन तसबिरींच्या मधे खिळ्याला अडकवलं.

त्यानंतर मी मुलांची पुष्कळ पुस्तकं वाचली, आपल्याकडची आणि बाहेरच्या देशांतली भाषांतरंही. तिकडे रंगावरून, इकडे जातीवरून, पण पोराला बाहेर उभं करायची रीत सगळीकडे सारखीच. आणि पुस्तकात तिच्यातून सुटकाही बहुतेक सारखीच. कुणीतरी चांगलं माणूस येतं, हात पुढं करतं आणि बाहेरच्या पोराला आत घेतं. पोरानं डोळ्यांत पाणी आणून बघायचं. मला त्या चांगल्या माणसांचा राग नाही, ती असतात, असोत बापडी. पण गोष्ट त्यांची होऊन बसते. बाहेरचं पोर नुसतं तहानलेलं राहतं, दुसऱ्याचा चांगुलपणा दिसावा म्हणून. आणि घरातली भांडणं तर सर्दीसारखी, शेवटच्या पानाला बरी होणारी.

मुलांना झेपणार नाही म्हणतात. कोणत्या मुलांना? माझी बहीण दीड वर्षाची होती. ज्या वयात सोसायला लावता, त्या वयात वाचायला का देत नाही? आणि ज्या घरांत सोसावं लागलं नाही, त्या घरांतल्या पोरांनी तर हे आधी वाचावं. गावातल्या बायकांबरोबर त्यांची पोरंही त्या दिवशी झाडाखाली बसली होती आणि सगळं बघत होती. त्यांना झेपलं. बिघडलं काहीच नाही, रात्री ती जेवून झोपली असतील.

धाकटी आता नगरातच असते, नर्स होऊन निवृत्त झाली. तिला त्यातलं काही आठवत नाही. पत्र आलं तेव्हा मी तिला फोन करून पाचवं प्रकरण वाचून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, ताई, आई कशी चालत गेली ते अजून दोन ओळी लिही, मला बघायचंय. मी त्या लिहिल्या. म्हणजे काढायला सांगितलेलं प्रकरण दोन ओळींनी वाढलं.

काल हस्तलिखित पुण्याला पाठवलं. सोबत संपादिकेला नीट, प्रेमानं लिहिलं की बाई, चांगली मुलगी मला सापडली नाही. त्या दिवशी पाणी कुणी दिलं नाही, माझ्या आईनं घेतलं. दिलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि पाण्याबद्दल खोटं मी एकदाच वाचलंय, त्याचं उत्तर एका म्हातारीला अजून द्यायचं राहिलंय. पाचवं प्रकरण जाणार असेल तर पुस्तकही परत पाठवा, मी दुसरं दार बघेन.

लेखिकेचा परिचय मात्र चार ओळींचा जमला नाही. एकच ओळ लिहिली, तीही माझी नाही, गुरुजींची. पुस्तकात नसलेले वाचते.